दुपारची हजेरी

काझी सरांकडे कुठलीही तक्रार घेऊन गेलं की ते आधी एकच विचारायचे, “कधीपासून?” पोरानं काच फोडली, कधीपासून? पोरीनं मैत्रिणीचा डबा पळवला, कधीपासून? का केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, शिक्षा काय द्यायची, हे सगळं नंतर. मी शाळेत नवीन रुजू झाले त्याच आठवड्यात सातवीतल्या दोघांना बखोटीला धरून त्यांच्यासमोर उभं केलं. एकानं दुसऱ्याचं डोकं दगडानं फोडलं होतं आणि माझ्या साडीवर रक्ताचे डाग पडले होते. सर शांतपणे म्हणाले, “कधीपासून?” मी म्हटलं, “कधीपासून म्हणजे? आत्तापासून! मधल्या सुट्टीत मारलाय यानं!” तर म्हणतात, “दगड आत्ताचा आहे बाई. भांडण कधीपासून?” मी मनात म्हटलं, झालं, असले पर्यवेक्षक असल्यावर या शाळेचं कल्याणच आहे.

आमची शाळा औरंगाबादच्या जुन्या भागातली. छत्रपती संभाजीनगर हे नाव नंतरचं, माझ्या तोंडात अजून जुनंच येतं, त्याला इलाज नाही. जिन्याखाली सरांची खोली होती. खोली कसली, खोपटंच. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लाकडी कपाट. त्या कपाटात मागच्या कित्येक वर्षांचे हजेरीचे कॅटलॉग सुतळीनं बांधून ठेवलेले. सरांच्या अंगात पांढरा हाफ शर्ट, उजव्या पायाच्या पँटला सायकलची क्लिप, खिशात फुटाणे. ती क्लिप ते दिवसभर काढायचे नाहीत. आम्ही हसायचो की सर कधीही पळून जायच्या तयारीत असतात.

“का विचारू नये बाई,” ते मला एकदा म्हणाले. “का विचारलं की पोरगं खोटं बोलतं. त्याला तरी कुठं माहीत असतं का ते? कधीपासून विचारलं की त्याला आठवावं लागतं. अन् आठवायला लागलं की ते गप होतं, मग आपल्याला पण जरा गप बसता येतं.”

आठवीत एक मुलगी होती, सुनंदा. ती चावायची. चक्क चावायची, पोरांच्या दंडाला दात उमटायचे. सगळ्या स्टाफनं हात टेकले होते. सरांनी कपाटातून तीन वर्षांचे कॅटलॉग काढले, टेबलावर ओळीनं पसरले आणि तिच्या नावावर बोट ठेवून फिरवत गेले. सहावीच्या दिवाळीपर्यंत एक दिवस गैरहजर नाही, आणि दिवाळीनंतर आठवड्याला दोन-दोन दिवस गैरहजर. आई अंथरुणाला खिळली होती. स्टोव्हवर स्वयंपाक करून ही शाळेत यायची, अंगाला रॉकेलचा वास, आणि पोरं नाक धरायची. सरांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि पहिल्या तासाला उशीर माफ केला. चावणं थांबलं. मग ती खोटं बोलायला लागली. मी चिडून सांगायला गेले, तर म्हणतात, “बरं चाललंय. चावण्यापेक्षा खोटं परवडलं.”

त्यांचं एक वाक्य तर मला पाठच झालं होतं. “खोडी मरत नाही बाई, कात टाकते. पाचवीत वह्या फाडणारा सातवीत शिव्या देतो, नववीत बिडी ओढतो. आपण म्हणतो, वह्या फाडायची सवय गेली बुवा. आपण कात बघतो अन् म्हणतो, साप गेला.” मी मान डोलवायची आणि पेपर तपासत राहायची. साठ-साठ पोरांचे वर्ग, घरी येईस्तोवर जीव मेटाकुटीला यायचा, त्यात हे सापाचं कोण ऐकतंय?

ते स्वतः चौथीपर्यंत उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि काही दिवसांनी त्यांच्या फळ्यावरची भाषाच बदलली. “वर्षभर मी तोंड उघडलं नाही,” ते सांगायचे. “मास्तरांनी अब्बांना सांगितलं, तुमचा मुलगा फार शांत आहे, शहाणा आहे. मी कुठला शांत? मला येतच नव्हतं बाई! पण शांत म्हटल्यावर कोणी विचारलंच नाही.” हे ते हसत हसत सांगायचे, म्हणून आम्हीही हसायचो.

आता माझ्या चुकीकडे येते. टाळून उपयोग नाही.

कॅटलॉगमध्ये हजेरी दोनदा घ्यायची असते. सकाळी एक तिरकी रेघ, मधल्या सुट्टीनंतर तिच्यावर दुसरी. दोन्ही मिळून फुली झाली की पोरगं दिवसभर हजर. नियम हा असा. पण सुट्टीनंतर पुन्हा साठ नावं पुकारायला कुणाच्या अंगात त्राण असतं? आम्ही सगळेच सकाळी एकदम फुल्या मारून मोकळे व्हायचो. काझी सर दर मीटिंगला हात जोडायचे, “दुपारची हजेरी दुपारी घ्या हो. जाणारं पोरगं दुपारीच जातं.” आम्ही मान खाली घालून हसू दाबायचो. वैशाली म्हणून एक नवी शिक्षिका आली, बिचारी सुट्टीनंतर प्रामाणिकपणे नावं पुकारत बसायची. मीच तिला म्हटलं, “अगं, कशाला घसा कोरडा करतेस? सकाळीच मार फुल्या.” पुढच्या वर्षी तिला नववी ब चं वर्गशिक्षकपद मिळालं. नववी ब मध्ये माझा पंकज होता.

पंकज माझा एकुलता एक. ह्यांची नोकरी वैजापूरला, तहसीलमध्ये. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. म्हणजे पोरगं माझ्याच पदरात. सहावीत त्यानं मारामाऱ्या केल्या, दोन वर्गांच्या काचा फोडल्या. शिक्षिकेचा मुलगा म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर आणि सगळ्यांची तक्रार माझ्याकडे. मी मारलं. खूप मारलं, आज लपवून काय करू? सातवीत मारामाऱ्या थांबल्या, तेव्हा मला वाटलं मार लागू पडला. आठवीत त्यानं प्रगतीपुस्तकावर वडिलांची खोटी सही केली. त्या वर्गाला मराठी मीच शिकवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला बाकावर उभं केलं आणि ते प्रगतीपुस्तक पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरवलं. म्हटलं, “बघा रे, सगळ्यांनी बघा, जाधव बाईंच्या मुलाचं अक्षर!” पोरं खिदळली. तो बाकावर उभा राहून छताकडे बघत होता.

आणि नववीत तो शांत झाला. सांगितलेलं ऐकायचा, उलट बोलायचा नाही, जेवून ताट उचलून मोरीत ठेवायचा. पहिल्या सहामाहीच्या प्रगतीपुस्तकात वैशालीनं लिहिलं, ‘वर्तणुकीत उत्तम सुधारणा.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावता लावता आपलं हातचं गेलं, हे ओझं माझ्या छातीवर होतं, ते एकदम उतरलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मी अर्धा किलो पेढे नेले आणि स्टाफरूममध्ये वाटले. “सुटले बाई एकदाची,” असं प्रत्येकाला सांगत होते.

काझी सरांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “जाधव बाई, पोरगा गप्प कधीपासून?”

सगळ्यांच्या देखत. ऐन आनंदात. माझा तोल गेला. सरांचा मुलगा अन्वर कॉलेजात असताना घर सोडून गेला होता, ते सगळ्या शाळेला ठाऊक होतं आणि कुणी कधी त्यावर बोलत नसे. मी बोलले. म्हटलं, “आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून! आधी तुमचा कधीपासून गेलाय ते बघा, मग माझ्या पोराचं विचारा!”

सरांनी पेढा तोंडात टाकला, चावून गिळला, म्हणाले, “हौ बाई, बरोबर आहे,” आणि बाहेर गेले. त्यांच्या पायाला ती क्लिप होती. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. कामापुरतं हो आणि नाही. चूक माझी होती हे कळत होतं, पण कळणं आणि जाऊन सांगणं यात फार अंतर असतं, आणि मला त्या दिवसांत पाच पावलं चालायचाही कंटाळा यायचा.

जानेवारीत वैशाली रजेवर होती. सुट्टीनंतरचा तिचा तास माझ्याकडे आला. नववी ब मध्ये शिरले, पोरांना वाचायला बसवलं. तिसऱ्या रांगेतलं पंकजचं बाक रिकामं होतं. वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी टेबलावरचा कॅटलॉग उघडला. आजच्या तारखेला पंकज जाधव, फुली. सकाळी ज्यांच्याकडे वर्ग होता त्यांनीही एकदमच फुल्या मारल्या होत्या. मागचं पान उलटलं, फुली. त्याच्या मागचं, फुली. तीन महिने देखण्या, एकसारख्या फुल्या. मी पुढे बसणाऱ्या एका मुलीला विचारलं, “पंकज कुठंय गं?” ती चाचरत म्हणाली, “बाई, तो सुट्टीनंतर नसतोच.”

“कधीपासून?” मी विचारलं. माझ्याच तोंडून तो शब्द गेला.

“दिवाळीपासून, बाई.”

मी वर्ग तसाच टाकला आणि जिन्याखाली धावले. खोलीला कुलूप. शिपाई किसनमामा स्टुलावर बसलेले. म्हणाले, “सर व्हय? सर या टायमाला रोज जातेत की सायकलवर. नाल्याच्या पल्याड, त्या कापसाच्या बंद जिनिंगकडं. लई दिस झाले.” मी चपला हातात घेतल्या की पायात घातल्या, आठवत नाही. नाला ओलांडून गेले.

जिनिंगच्या आवारात गाड्या तोलायचा जुना काटा होता, त्याच्या सिमेंटच्या कट्ट्यावर दोघं बसले होते. माझा मुलगा आणि काझी सर. मधे कागदावर फुटाणे. पंकजच्या हातात रुमाल होता, आणि दहा पावलांवरूनच वास आला. सायकलचं पंक्चर काढतात ना, त्या सोल्यूशनचा. डोळे लाल, मान एका बाजूला कललेली. रोज सकाळी मी ज्या भांगात पाण्याचा हात फिरवायची, तो भांग तसाच होता. मी हात उगारला.

सरांनी मला अडवलं नाही. फक्त म्हणाले, “बाई, आधी बसा. मग मारायचं तर मारा.”

मी बसले. का बसले, माहीत नाही. थकले होते, दुसरं काही नाही. मी विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?” ते म्हणाले, “महिना झाला.” “आणि मला सांगितलं नाहीत?” “सांगितलं असतं तर तुम्ही मारलं असतं. मग हे पण सोडलं असतं यानं, अन् तिसरंच काही धरलं असतं. मी म्हटलं, रोज येऊन बसू. काल ट्यूब आणली पण उघडली नव्हती. आज उघडली.” मी आजही म्हणते, त्यांनी मला सांगायला हवं होतं. नंतर मी हे त्यांना तोंडावर म्हटलंही. “चुकलो असेन,” एवढंच म्हणाले. पण त्या महिन्यात मी तरी त्यांना सांगण्याजोगं काय ठेवलं होतं?

मग ते पंकजकडे वळले. “बेटा, आईला सांग. का ते नक्को सांगू. कधीपासून ते सांग.”

पंकज जमिनीकडे बघत होता. जीभ जड झाली होती त्याची. म्हणाला, “सही फिरवलीस ना वर्गात. त्या दिवसापासून मला वर्गात बसवतच नाही.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “तेवढ्या एकानं नसतं होत बाई. सगळं डोक्यावर घेऊ नका. पण धागा तिथून सापडला, आता तिथूनच धरू.” मी त्याला जवळ घेतलं. तो लाकडासारखा बसून राहिला, पण बाजूला झाला नाही.

यापुढं सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. घाटीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या, डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या. ह्यांनी बदली मागितली, ती दीड वर्षानं मिळाली. दोनदा तो पुन्हा त्या वासाकडे गेला. सोल्यूशन सुटलं तर तंबाखू धरली. मी रडत सरांकडे गेले तर तेच, “बरं चाललंय बाई. कात टाकतोय, पण आता आपल्यासमोर टाकतोय.” त्यांनी पंकजला एक काम लावून दिलं. मधली सुट्टी संपली की त्यानं जिन्याखाली यायचं, नववी ब चा कॅटलॉग उघडायचा आणि आपल्या नावापुढची दुसरी रेघ स्वतः ओढायची. बाकी कसला उपदेश नाही. कधी पोरगं यायचं, कधी नाही. नाही आलं की सर सायकल काढायचे. दहावीला तो एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा काठावर पास झाला, आयटीआय केलं. आज बिडकीनला एका कंपनीत आहे, बायको आहे, मुलगी आहे. सुधारला, हा शब्द मी त्याच्याबद्दल आजही उच्चारत नाही. उच्चारायची भीती वाटते. आहे, बरा आहे, समोर आहे.

आणि मी? मी निवृत्त होईपर्यंत दुपारची हजेरी दुपारी घेतली. घसा बसला तरी घेतली. तरण्या शिक्षिका माना खाली घालून हसायच्या, त्या मला दिसायच्या.

सरांची माफी मागायला मी एकदा जिन्याखाली गेले होते. पेढ्यांचा विषय काढला. त्यांनी हात हलवला. “तुम्ही बोललात ते खरंच होतं. माझा अन्वर दहावीत असाच गप झाला. पानात पडेल ते खायचा, उलट शब्द नाही. मी म्हटलं, पोरगा समजदार झाला. बर्फी वाटली होती बाई मी, ह्याच स्टाफरूममध्ये. तुम्ही तेव्हा नव्हता.” खिशातून चार फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले. “म्हणून तुमचा पेढा हातात धरून... घशाखाली जाईना पटकन.” मी पुढं काही विचारलं नाही. घंटा झाली आणि मी तासाला गेले.

सर निवृत्त झाले, मग मी झाले. ईदला पंकज त्यांच्याकडे जायचा, डब्यातून शीरखुर्मा घेऊन यायचा. मागच्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच गेले म्हणतात. पंकजनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बिडकीनहून थेट तिकडेच गेला. जनाज्याला खांदा दिला, कबरीवर तीन मुठी माती टाकली. संध्याकाळी माझ्याकडे आला तो हात न धुता. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. ओट्यावर बसून राहिला. चाळिशी ओलांडलेला माझा मुलगा, कानाजवळ केस पिकलेला.

“अन्वर नाही आला,” तो म्हणाला.

मी पाण्याचा पेला त्याच्या बाजूला ओट्यावर ठेवला.

“शेजारचे सांगत होते, सर रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसायचे. मधल्या सुट्टीच्या वेळेला. ऊन असो, पाऊस असो. गल्लीकडं तोंड करून.” त्यानं हातावरच्या मातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आई, कधीपासून गं?”

वीस वर्षं त्यांच्यासोबत एका शाळेत काढली, आणि त्यांना हे मी एकदाच विचारलं होतं. तेही पेढे वाटताना, टोमणा म्हणून.